मदत हवी आहे: बहाव्याच्या बिया रुजत नाहीत

शाळेतल्या एका मित्रामुळे मला झाडं ओळखता यायला लागली. बहावा फुलला की तो दिवस मोजायचा, ४५व्या दिवशी पाऊस येतो म्हणायचा. (बहुतेक वेळा चुकायचा, कबूल करायचा नाही.) तो गेल्या वर्षी गेला. ज्या बहाव्याखाली आम्ही बसायचो, त्याच्याच शेंगा माझ्याकडे आहेत, म्हणून नर्सरीतलं रोप नको आहे. ते झाड रस्ता रुंदीकरणात तोडलं गेलं, त्यामुळे नवीन शेंगा मिळणार नाहीत.

शेंगा पूर्ण काळ्या, वाळलेल्या. आतला चिकट गर धुऊन बिया काढल्या. पहिल्या २० बिया रात्रभर साध्या पाण्यात भिजवून लावल्या; महिनाभरात एकही उगवली नाही. उकरून पाहिल्या तर तशाच टणक. पुढच्या १५ उकळत्या पाण्यात टाकून तसंच गार होऊ दिलं. त्यातल्या दोन उगवल्या, पण दुसरं पान यायच्या आत देठ जमिनीलगत काळा पडून आडव्या झाल्या. माती लाल, निम्मं शेणखत, पाणी रोज.

आता ३० बिया उरल्यात, सगळ्या एकदम वापरायची हिंमत नाही. रोप शेवटी गावी मुरमाड बांधावर लावायचं आहे. तिथे उन्हाळ्यात टँकर येतो. बीचं टणक कवच मऊ करायला ॲसिड वगैरे घरात वापरणार नाही, लहान मुलं आहेत.

पॉलिश पेपरने बी घासायचं तर कोणत्या बाजूने आणि किती? आणि रोपं कोलमडली ती शेणखतामुळे की रोजच्या पाण्यामुळे?