शब्दचर्चा : पायथनमधील ‘चल’ आणि ‘नाव’

शंका : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मराठी टिपणांत मी व्हेरिएबलला ‘चल’ म्हटले आणि ‘चल म्हणजे किंमत ठेवण्याची पेटी’ अशी व्याख्या दिली. पुढे ‘सामान’ नावाची यादी केली, ‘पिशवी = सामान’ असे लिहिले आणि पिशवीत गूळ घातला, तर सामान छापल्यावर त्यातही गूळ दिसला. चुकले काय, शब्द की व्याख्या?

उत्तर : शब्द राहू द्यावा, कारण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ दहावीत सोडवलेल्या प्रत्येकाला तो ओळखीचा आहे. व्याख्येतली पेटी मात्र काढावी. सी भाषेत चलासाठी जागा राखलेली असते, म्हणून ‘क = 5’ चे ‘क मध्ये 5 ठेवा’ हे वाचन तिथे अक्षरशः खरे ठरते. पायथनमध्ये तेच विधान ‘5 ला क म्हणा’ असे वाचावे लागते. म्हणजे ‘मध्ये’ गळून पडते आणि ‘ला’ हा प्रत्यय नावाला न लागता वस्तूला, म्हणजे इथे 5 ला, लागतो.

पाळण्यातले नाव श्रीनिवास आणि घरातली हाक बाळू असेल, तर बाळूचे केस कापल्यावर श्रीनिवासचे लांब राहत नाहीत. आपल्या उदाहरणात यादी एकच आहे आणि पिशवी हे तिचे दुसरे नाव आहे. ‘सामान उर्फ पिशवी’ म्हटले की गुळाचे कोडे उरत नाही. याउलट पुढे ‘पिशवी = []’ असे लिहिले, तर ती हाक दुसऱ्याच, रिकाम्या यादीला मारली जाते आणि सामानाला धक्काही लागत नाही. खरोखर दुसरी यादी हवी असल्यास ‘पिशवी = सामान[:]’ असे लिहून प्रत काढावी; मात्र यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर त्या दोन्हींत सामाईकच राहतात.

नावापासून वस्तूकडे जाणाऱ्या दुव्याला इंग्रजीत रेफरन्स म्हणतात. त्यासाठी काही जण ‘संदर्भ’ हा शब्द लिहितात, तो मला पटत नाही, कारण मराठी वाचक त्यातून मागचापुढचा मजकूर समजतो. ‘नाव वस्तूचा निर्देश करते’ हे अधिक नेमके आहे. ‘यादीला दोन नावे ठेवली’ असे मात्र लिहू नये. यादीचे काय बिघडले, असे वाचक विचारेल. तिथे ‘दिली’ हेच क्रियापद बरे.

पुरवणी शंका : मग ‘क = 5’, ‘ख = क’ आणि ‘ख = ख + 1’ असे लिहिल्यावर क 5 च का राहतो?

उत्तर : कारण पायथनमध्ये 5 ही वस्तू बदलता येत नाही, बेरजेतून 6 ही वेगळी वस्तू मिळते आणि ख हे नाव तिच्याकडे जाते. याद्यांबाबत मात्र लिहिण्याच्या पद्धतीने फरक पडतो : ‘पिशवी = पिशवी + ["गूळ"]’ यातून नवी यादी तयार होते, तर ‘पिशवी += ["गूळ"]’ यामुळे जुनीच यादी वाढते आणि गूळ पुन्हा सामानात येतो.