मदत हवी आहे : वटवाघळाची साद, पडसाद आणि मेंदूतील स्थानपेशी

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. वटवाघळाच्या मेंदूत प्रतिध्वनी आणि दिशाज्ञान यांची सांगड कशी बसते, या विषयावर मला चर्चासत्रात बोलायचे आहे, पण एका मुद्द्यावर येऊन अडले आहे.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून वटवाघळाच्या सादेचा (त्याने काढलेल्या आवाजाचा) एक मीटरवरच्या भिंतीवरून येणारा पडसाद जेमतेम ६ मिलिसेकंदांत परततो. हा विलंब ओळखणाऱ्या चेतापेशी श्रवणकेंद्रात असतात, इथवर समजले. मात्र त्यातून कळते ते स्वतःपासूनचे अंतर. हिप्पोकॅम्पसमधील (मेंदूच्या स्मृती व दिशाज्ञानाशी निगडित भागातील) स्थानपेशी तर प्राणी त्या जागेत नेमका कुठे आहे ते नोंदवतात. या दोहोंमधला दुवा मी शोधते आहे.

नाखुम उलानोव्स्की आणि सिंथिया मॉस यांनी मोठ्या तपकिरी वटवाघळांवर केलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की साद दिल्यानंतर जसजसा वेळ जातो, तसतसे स्थानपेशींचे क्षेत्र, म्हणजे ज्या जागी प्राणी असताना ती पेशी सक्रिय होते तो भाग, पसरट होत जाते. पुढे २०१८ मध्ये मॉस यांच्याच गटाने उडत्या वटवाघळांत दाखवले की सादा भराभर दिल्या की हे क्षेत्र आटोपशीर होते. हे वाचून मी थक्क झाले, कारण मेंदूतला नकाशा इतक्या थोड्या वेळात विसविशीत होऊन पुन्हा घट्ट होतो, अशी कल्पनाही मी केली नव्हती.

प्रश्न असा : हा घट्टपणा परतलेल्या पडसादातील ताज्या माहितीमुळे येतो, की प्राण्याचे लक्ष एकवटल्यामुळे? लक्ष देताना वटवाघूळ सादाही भराभर देते, त्यामुळे दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. माझा कल पहिल्या कारणाकडे आहे, कारण दोन सादांमधल्या अल्प अवकाशात लक्ष इतके ढळेल, हे पटत नाही. शिवाय इजिप्शियन फलाहारी वटवाघळांत, उजेडात डोळ्यांनी पाहत उडताना आणि अंधारात प्रतिध्वनीवर उडताना, त्याच खोलीचा हिप्पोकॅम्पसमधील नकाशा वेगवेगळा असतो, असे २०१६ मध्ये दिसले आहे. म्हणजे माहिती कोणत्या इंद्रियाकडून आली, याला महत्त्व आहेच.

साद प्राण्याचीच ठेवून पडसाद तेवढा ध्वनिक्षेपकातून कृत्रिमरीत्या उशिरा ऐकवला, तर ही दोन कारणे वेगळी करता येतील का? चेताविज्ञानात काम करणाऱ्या सभासदांनी या मांडणीतील उणिवा कृपया दाखवून द्याव्यात. विशेषतः उडत्या प्राण्याला खऱ्या भिंतीचा पडसादही ऐकू येणारच, त्याचे काय करावे, हे मला जाणून घ्यायचे आहे.