एक फुटी ख्रिसमस ट्रीसाठी मैदा-मिठाचे तारे: फुगतात, तडकतात

नाताळ_तयारी, नाशिकरोड
टेबलावरच्या एक फुटी ट्रीसाठी मैदा-मिठाच्या पिठाचे तारे आणि घंटा करतेय. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, १ वाटी पाणी. ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) १५० अंशांवर २० मिनिटं ठेवले की तारे मधोमध फुगतात. उन्हात वाळवले तर तडे जातात, टोकं वर वळतात. टांगल्यावर फांदीही झुकते. चुकतंय कुठे?

मातीकाम, सिडको
ताई, आधी माप बघा. सहा फुटी झाडाला साधारण ७ सेंटिमीटरचा गोळा शोभतो. एक फुटी झाडाला त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे जेमतेम १२ मिलिमीटर. तारा, घंटा २ सेंटिमीटरपर्यंत चालेल. जाडी ३ मिलिमीटरच्या वर नको, फांदी झुकते ती वजनानं.

प्रमाण बरोबर आहे, पण मीठ मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं काढा. एवढ्याशा ताऱ्यावर मिठाचा एक कणसुद्धा पुळीसारखा उठून दिसतो. साठ-सत्तर नगांना अर्धी वाटी मैदा आणि पाव वाटी दळलेलं मीठ भरपूर झालं. पाणी एकदम ओतू नका, चमच्याचमच्यानं घाला. पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. पाच-सात मिनिटं मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. मैद्याऐवजी कणीक घेऊ नका, कोंड्यामुळे कडा खडबडीत येतात.

फुगतात ते आचेमुळे. १५० अंशांवर वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि आतल्या पाण्याची वाफ कोंडते. १०० अंश, दीड ते दोन तास, अर्ध्या वेळानं उलटायचे. लहान ओटीजीत फक्त खालची कॉइल चालू ठेवा.

तड्यांचं कारण आपली डिसेंबरची हवा. ती कोरडी, त्यात दुपारचं ऊन, म्हणजे वरची बाजू आक्रसते आणि पोट ओलंच राहतं. कापलेले नग रात्रभर सावलीत, जाळीवर ठेवा. खालूनही हवा लागली की टोकं वळत नाहीत. मग ओव्हन.

धागेदोरे
भोक पीठ ओलं असतानाच पाडायचं, टोकापासून निदान ३ मिलिमीटर आत. टूथपिक नुसती टोचू नका, गोल फिरवा. वाळताना भोक आवळतं. टांगायला दोरा नको, छोट्या वस्तू दोऱ्यावर गरगर फिरून पाठ दाखवतात. दागिने ओवायची २६ गेजची तार घ्या, ४ सेंटिमीटर पुरते. इंग्रजी एससारखा आकडा वळवायचा.

वेलमांडव, पिंपळगाव
नुसतं पीठच कशाला? ऑक्टोबर छाटणीतल्या द्राक्षाच्या काड्या बांधाला पडलेल्या असतात. बागवाल्याला विचारून शेंड्याकडच्या, २ मिलिमीटरच्या आतल्या काड्या आणि वाळलेले तणावे (वेल आधाराला गुंडाळते ते दोरे) आणा. नाताळची गोल माळ त्यांची फार देखणी होते, आणि वजन जवळपास नाहीच. औषध फवारलेलं असतं, म्हणून आधी दोन पाण्यांतून धुवा. मग रात्रभर भिजत घाला. कोरडी काडी वळवली की मोडतेच. जाड मार्करभोवती तीन वेढे, चौथा वेढा आतबाहेर गुंफून टोक खोचायचं. मार्करवरच दोन दिवस वाळू द्या, आधी काढलं तर उलगडतं. लाल मोहरीमणी फेविकॉलनं चिकटवा.

नाताळ_तयारी, नाशिकरोड
तणाव्यांची कल्पना छानच! अजून एक: रंगवलेल्या घंटांवर चार दिवसांनी पांढरी पूड येते.

मातीकाम, सिडको
ते मीठच वर येतंय. आत ओल राहिली किंवा रंग पाण्यानं पातळ केला की मीठ विरघळतं आणि पृष्ठभागावर येऊन सुकतं. ओव्हनमधून काढलेला नग पूर्ण गार होऊ द्या, मग मधोमध नखानं दाबा. जरा जरी दबला तर अजून अर्धा तास आत. पोस्टर कलर नको, ॲक्रिलिक घ्या, पाणी न घालता दोन पातळ हात. आधीची पूड कोरड्या ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसलीत तर पुन्हा येईल.

शेवटी पारदर्शक वॉर्निशचे दोन हात, पाठीला आणि भोकाच्या आतही. तेवढी जागा उघडी राहिली तरी जुलै-ऑगस्टमध्ये मीठ तिथूनच ओल ओढतं आणि तारा मऊ पडतो. ठेवताना टिश्यूत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. मैदा आहे, मुंग्या आणि उंदीर दोन्ही येतात, तेव्हा पुठ्ठ्याचा खोका नको.