पेन ड्राइव्हवरची सिस्टीम: रोजच्या कामाला की फक्त अडीअडचणीला?

बूटपॉलिश
लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, नवी बसवायचा कंटाळा केला आणि पेन ड्राइव्हवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम) टाकलं. त्याला आता सहा महिने झाले. सुरू करताना एफ१२ दाबायचं, यादीतून यूएसबी निवडायचं, झालं. ऑफिसच्या मशीनवरही तोच डेस्कटॉप, त्याच फाइली, ब्राउझरचे अर्धवट वाचलेले टॅबसुद्धा तेच. साध्या कामासाठी आतल्या डिस्कवरच सिस्टीम हवी, हा हट्ट आता सोडायला हवा असं माझं मत. पटत नसेल तर बोला.

जुनं खोड
नाही पटत. क्लाउस क्नॉपर यांचं क्नॉपिक्स, म्हणजे सीडीवरून चालणारं लिनक्स, २००० साली आलं, तेव्हा आम्ही हेच सीडीवरून करायचो. सीडीवर लिहिताच येत नसे, म्हणून बिघडायलाही काही नसे. पेन ड्राइव्हवर सिस्टीम दिवसभर काहीबाही लिहीत बसते: लॉग (कामाच्या नोंदी), कॅश (तात्पुरत्या फाइली), ब्राउझरचा इतिहास. पेन ड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीत चार अक्षरं बदलायची तरी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि दर पुसण्यानं तो झिजतो. एसएसडीतली नियंत्रक चिप, म्हणजे कंट्रोलर, ही झीज सगळ्या ब्लॉकांत नीट वाटून देतो. पेन ड्राइव्हचा बहुतेकदा पोचट असतो. माझा एक ड्राइव्ह एके दिवशी रीड-ओन्ली झाला, म्हणजे नुसता वाचण्यापुरता उरला. फाइली सगळ्या दिसतायत, उघडतायत, पण एक स्वल्पविराम सेव्ह होईना! बघत बसलो नुसता.

बूटपॉलिश
म्हणून तर कॅश रॅममध्ये ठेवली आहे आणि नोएटाइम लावलं आहे, म्हणजे फाइल नुसती वाचली तर वेळेची नोंद लिहिली जात नाही. पपी लिनक्स हा छोटा प्रकार तर अख्खा रॅममध्येच चढतो. झिजायचं ते झिजू दे हो, ड्राइव्ह बदलता येतो.

अधांतरी
मध्येच विचारतो. लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या सिस्टीमवर) पर्सिस्टन्स, म्हणजे बदल टिकवायची सोय, ठेवणं आणि ड्राइव्हवर सरळ इन्स्टॉल करणं, यात फरक काय?

जुनं खोड
पहिल्यात मूळ सिस्टीम दाबून बांधलेल्या, न बदलणाऱ्या फाइलमध्ये असते आणि तुमचे बदल वर वेगळ्या थरात साठतात. मूळचं एखादं सॉफ्टवेअर काढलंत तरी जागा सुटत नाही, नुसतं झाकलं जातं. अपडेट करत राहिलात की वरचा थर फुगतो. रोज वापरायचंच असेल तर पूर्ण इन्स्टॉल बरं.

तिरपागडे
पण जपून! मी इन्स्टॉल केलं पेन ड्राइव्हवर, आणि बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मात्र गुपचूप आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटच्या फाइलींच्या भागात, जाऊन बसला. ड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर ग्रब (त्याच बूटलोडरचं नाव) आणि लुकलुकता कर्सर. दुसऱ्या मशीनवर तो ड्राइव्ह सुरूच होईना, ते वेगळंच. आतली डिस्क काढून ठेवा, मगच इन्स्टॉल करा.

कुलूपकिल्ली
झीज, वेग ठीक आहे, पण ऑफिसच्या मशीनवर स्वतःची सिस्टीम चालवायला परवानगी घेतलीत का? सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारं संरक्षण) बंद केलंत आणि पुढच्या वेळी विंडोजनं बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली, तर ती आयटीवाल्यांकडे मागायला जाणार कोण? शिवाय मशीनच्या फर्मवेअरमध्ये (आतच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) किंवा कीबोर्डमध्ये गडबड असेल तर तुमची स्वच्छ सिस्टीम काय करणार? टेल्स ही लिनक्स सिस्टीम तर अशा वापरासाठीच बनवलेली, मागे काही न ठेवणारी, तरी तिचे निर्मातेही हाच इशारा देतात. मायक्रोसॉफ्टनं २०१२ साली यूएसबीवरून चालणारं विंडोज टू गो आणलं, त्यात ज्या मशीनला ड्राइव्ह लावला त्याची आतली डिस्क मुळात लपवलेली असे. २०२० मध्ये तेही काढून टाकलं.

बूटपॉलिश
परवानगीचा मुद्दा मान्य, विचारलं नव्हतं. उद्यापासून ऑफिसात नाही लावत. घरी मात्र चालूच राहणार.

जुनं खोड
आणि बॅकअप?

बूटपॉलिश
दुसऱ्या पेन ड्राइव्हवर.

जुनं खोड
रीड-ओन्ली झाला की कळवा.