मोडीतल्या गहाणखतासाठी फाँट कोणता घ्यावा?

झेरॉक्सवाला_मोर्शी
राम राम मंडळी. मोर्शी तालुक्यात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पीकविम्याचे फॉर्म, ग्रामपंचायतीचे बॅनर, हाच रोजचा धंदा. गावच्या वाचनालयात जुन्या कागदांचं प्रदर्शन आहे. आमच्या घरी पणजोबांचं १८९७ सालचं गहाणखत आहे. दुष्काळात सहा एकर वावर सावकाराकडे लावलं होतं. पैसे फिटले म्हणून कागद घरी परत आला, नाहीतर आज मी दुकानात नसतो आणि वावरातही नसतो. घडीवर बोट लागलं की तुकडा पडतो, त्यामुळे मांडायला नक्कल करायची आहे. एका गुरुजींनी मोडी वाचून सगळा मजकूर देवनागरीत उतरवून दिला.

आधी जैनी पूर्वा नावाचा फाँट लावला. जुनाट दिसतो म्हणून खूश होतो, तर गुरुजी म्हणाले, "ही पोथी झाली, खत नाही." मग मोडी फाँट टाकला, तर काहीच बदललं नाही. नेटवरून मोडी अक्षरं आणून चिकटवली, तर नुसते चौकोनी डबे. आणखी एक. सहीच्या जागी नांगराचं चित्र आहे. ते काय?

बोरूबहाद्दर
गुरुजी बरोबर आहेत. जैनी पूर्वा हा १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून केलाय. वळणं खरोखर जुनी, पण जैन पोथीची, आणि लिपी देवनागरी. वऱ्हाडातला सावकाराचा कारकून तसं कशाला लिहील?

नोटो सान्स मोडी घ्या, फुकट आहे. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या जागतिक यादीत, जागा मिळाली २०१४ साली, ७.० आवृत्तीत. तुमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर त्याआधीचं असेल, म्हणून डबे. आणि देवनागरी मजकुरावर मोडी फाँट लावून उपयोग नाही, दोन्हींचे कोड वेगळे. अक्षरमुख या लिपी बदलणाऱ्या साधनात मजकूर मोडीत बदला, लिब्रे ऑफिसात फाँट लावा, पीडीएफ काढा, तिचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, तुमच्या फाइलीत आणा.

खिळेजुळारी
एवढ्यावर थांबलात तर ते सरकारी परिपत्रक दिसेल. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं टांगत जायचा, हात न उचलता. शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. तेव्हा स्पेस काढा आणि वरची रेघ वेगळी, माऊसने ओढा, थोडी वाकली तर वाकू द्या. ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका, मोडीत तो भेद नसतो.

फाँटात सगळे 'क' एकाच साच्यातले निघतात, तिथेच सोंग उघडं पडतं. मी मूळ कागद स्कॅन करून त्यातलेच चार-पाच 'क' कापून मधेमधे बसवतो. कटकटीचं काम आहे, पण एका पानापुरतं होतं.

पटवाऱ्याची_लेक
दादा, नांगर ही सहीच आहे. लिहिता न येणारा कुणबी खताखाली नांगर काढायचा, बाईमाणूस काकण. बाजूला कारकुनाच्या हातचं 'निशाणी नांगर' असेल, बघा.

आणि एक सांगते. वरचा स्टँप हुबेहूब उतरवू नका, सरकारी स्टँपची नक्कल हा गुन्हा आहे. तेवढी जागा कोरी ठेवा. 'प्रतिकृती, प्रदर्शनापुरती' असं आडवं, मोठ्या अक्षरात छापा. आमच्याकडे धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भांडणं कशी पेटतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. उद्या कोणी तुमचीच नक्कल घेऊन वावर मोजायला उभा राहील.

झेरॉक्सवाला_मोर्शी
सगळ्यांचे आभार. ताई, 'निशाणी नांगर' सापडलं, घडीच्या खाली अर्धं दबलं होतं. स्टँपची जागा कोरी ठेवली.

मजकूर फाँटात, रेघ माऊसने, अकरा 'क' आणि सात 'स' मूळ कागदातले. नांगर मात्र कुठल्याच फाँटात बसेना. स्कॅनवर पातळ कागद ठेवून टाकाने गिरवला. जू नाही, बैल नाही. एक आडवी रेघ, खाली वाकडा फाळ, वर मूठ. मुठीशी शाईचा ठिपका पडला होता, तोही तसाच ठेवला.

प्रिंट वाळत ठेवली होती. आईला मोडी सोडा, चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही. आली, वाकून पाह्यलं आणि म्हणे, "बुढ्याचा नांगर व्हय न हा?"