अनुभव धागा: हायस्कुलातला जगाचा इतिहास

सातारा-सांगलीकडच्या शाळांत जगाचा इतिहास शिकलेल्यांनो, तुमच्या मनात कोणता तास राहिला? मार्क नकोत, तास सांगा. माझ्यापासून सुरुवात करतो.

आमचं गाव अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. दहावीला सरांनी कारणं लिहून दिली: साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, माझे पणजोबा बसऱ्याला गेलते म्हणत्यात. ते यात कुठं?" सरांनी वही मिटली. फळ्यावर इराणचं आखात काढलं, तिथून वर इराकातली तैग्रिस नदी, तिच्या काठावर कुत हे गाव. डिसेंबर १९१५ पासून तिथं इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला, आत मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापावे लागले, आणि आपले कित्येक शिपाई धर्मापायी ते मांस घेईनात. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. दुसऱ्या दिवशी तो पोरगा पणजोबांचं पदक घेऊन आला. एका बाजूला पंखांची देवता, मागं इंग्रजीत ‘संस्कृतीसाठी झालेलं महायुद्ध’ अशा अर्थाचं काहीतरी. सर म्हणाले, "कुणाच्या संस्कृतीसाठी, ते घरी विचारून या." मी आजोबांना विचारलं होतं. ते काहीच बोलले नाहीत.

मिरजेहून: आमच्या बाईंनी १ सप्टेंबर १९३९, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात, शिकवताना विचारलं, "कोल्हापूरच्या गाडीत रुकडीनंतर कोणतं स्टेशन?" वळिवडे! पोलंडवर आधी जर्मनी, मग १७ सप्टेंबरला रशिया चालून गेला. रशियानं हजारो कुटुंबं सैबेरियाकडे नेली. त्यांतले सुमारे ५,००० लोक इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. त्या गाडीनं मी कितीदा गेले होते! आजही ते स्टेशन आलं की खिडकीकडे सरकते.

जतहून: आमच्याकडे इतिहास म्हणजे गाइड. फ्रेंच राज्यक्रांती ही ४ मार्कांची टीप. १४ जुलै १७८९ अजून पाठ आहे. त्या दिवशी पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगात जेमतेम ७ कैदी होते, लोक मुख्यतः दारूगोळ्यासाठी चालून गेले होते, हे चाळिशीत कळलं. याचा मला खरंच राग येतो. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती.

कराडहून, शिक्षिका: आताच्या दहावीत महायुद्धांचे धडे नाहीत. पहिलाच पाठ इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके ही युरोपातल्या विचारवंत-इतिहासकारांची नावं ऐकून पोरं घाबरतात. मी आधी एकच घटना दोघांकडून विचारून यायला सांगते, रांके नंतर. यंदा बहुतेकांनी २०१९ चा पूर निवडला. एकीच्या आजीनं पाणी पहाटे शिरलं म्हणून सांगितलं, काकांनी दुपारी. "बाई, मग खरं कुणाचं?" तिनं विचारलं. त्याच तासाला रांके काढला: घटनेच्या वेळचे कागद आधी बघा, मग बोला. दुसऱ्या दिवशी ती काकांच्या मोबाइलमधले त्या दिवसाचे फोटो वेळेसकट उतरवून घेऊन आली.