मदत हवी आहे: घरच्या रोलप्लेइंग गेममध्ये मुरलेले खेळाडू हरतच नाहीत

मंडळी, इथे टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचा रोलप्लेइंग गेम) चालवणारं कुणी असेल तर जरा डोकं लावा.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यातला प्रसिद्ध गेम बरीच वर्षं खेळलो, चालवलं. मग एल्फ आणि ड्रॅगनचा कंटाळा आला आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळातलं कोकण घेऊन स्वतःचे नियम लिहिले. गुराबा आणि गलबतं ही तेव्हाची जहाजं, पोर्तुगीजांचे परवाने, सगळं आहे. गटात एक तांडेल (गलबत हाकणारा), एक वैद्य, एक तोफवाला आणि नेमका कुणाचा हेर आहे हे मलासुद्धा न सांगणारा सुरतेचा व्यापारी.

नियम 1977 च्या 'ट्रॅव्हलर' या आरपीजीवरून उचललाय: दोन साधे फासे टाका, कौशल्याचा अंक मिळवा, आठ किंवा जास्त झाले की जमलं. घोळ त्या अंकाचा आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक +1 म्हणजे सरळ पाच टक्के. इथे शून्यावर 42 टक्के, +1 ला 58, +2 ला 72, +3 ला 83 आणि +4 ला 92! आमचा तांडेल +4 वर आहे. अमावास्येच्या रात्री खडकांतून गलबत काढायचं तरी फासे पडेपर्यंत हा चिवडा खात असतो. बरं, आठाऐवजी दहा मागावेत तर नव्याने आलेल्या, शून्यावरच्या मुलीला सहातून एकदाच जमतं. ती दुसऱ्यांदा कशाला येईल?

सध्या डोक्यात आहे ते असं. कौशल्य +2 वर थांबवायचं. पुढची प्रगती म्हणजे खासियत, उदाहरणार्थ 'अंधारात किनारा ओळखणे'. तेवढ्यापुरते तीन फासे टाकून मोठे दोन धरायचे. +2 सोबत हे 89 टक्के होतं, पण एरवी 72 च राहतं.

अडचणी दोन. तांडेलाचे कमावलेले अंक काढून कसे घेऊ? एका +1 ला एक खासियत द्यावी की दोन? आणि दुसरी जास्त छळणारी: व्यापारी प्रत्येक खासियत ताणणार. 'भाव ओळखणे' म्हणजे माणसाच्या मनातला भावसुद्धा, असं तो म्हणणारच, मी ओळखतो त्याला. खासियतीची हद्द आधीच लिहून ठेवता, की टेबलावर सगळ्यांनी मिळून ठरवता?

'सरळ डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळा' हा सल्ला कृपया नको. 1721 ची इंग्रज-पोर्तुगीजांची अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरची चाल पुढच्याच भागात सुरू होतेय, त्याआधी बदल करायचाय.